पासिफिका, ऑकलंड: तळ्याकाठच्या वाड्यांमध्ये एक दिवस कसा घालवावा

मार्च महिन्यातल्या एका शनिवार-रविवारी ऑकलंडच्या वेस्टर्न स्प्रिंग्ज तळ्याकाठी पॅसिफिक महासागरातल्या बेटांच्या वाड्या वसतात. सामोआ, टोंगा, कुक आयलंड्स, नीउए, फिजी, तुवालू, किरिबास, टोकेलाऊ, ताहिती, हवाई, आणि यजमान म्हणून आओतेआरोआ, म्हणजे माओरींचं न्यूझीलंड. हा पासिफिका महोत्सव १९९३ साली सुरू झाला. आज ऑकलंड कौन्सिलची ताताकी ऑकलंड अनलिमिटेड ही संस्था तो भरवते. तिकीट नाही, नावनोंदणी नाही. ऑकलंडमध्ये राहणाऱ्या किंवा मार्चमध्ये मुलाबाळांकडे आलेल्या मराठी माणसाने हा एक दिवस राखून ठेवावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र तो आखून बघावा. न आखता गेलेल्या माणसाचा अर्धा दिवस पार्किंग शोधण्यात आणि खाण्याच्या रांगेत जातो, आणि नाच म्हणून त्याने पाहिलेले असतात ते दहा ठिकाणचे दोन-दोन मिनिटांचे तुकडे.

महोत्सवाची खरी ताकद त्याच्या रचनेत आहे. सरकारी सांस्कृतिक कार्यक्रम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक मोठा मंच येतो आणि त्यावर दर दहा मिनिटांनी बदलणारे ‘विविध प्रांतांचे’ नाच. इथे तसं नाही. प्रत्येक बेटाची वाडी वेगळी, तिचा मंच वेगळा, तिच्या चुली आणि हस्तकलेचे तंबूही वेगळे. जागा, वीज, स्वच्छतागृहं, सुरक्षा, वाहतूक हे कौन्सिल बघते. वाडीवर कोण नाचणार आणि काय शिजणार, हे त्या त्या समाजाची माणसं ठरवतात. म्हणून टोंगाच्या वाडीत निवेदन बराच वेळ टोंगन भाषेत चालतं, आणि ते तसंच चालावं. पाहुण्यांसाठी पातळ केलेलं काही इथे कमी मिळतं.

ही बेटं ऑकलंडला परकी नाहीत. नीउए बेटावर आज २,००० सुद्धा माणसं राहत नाहीत, आणि न्यूझीलंडमध्ये नीउएचे ३०,००० हून जास्त लोक आहेत. टोकेलाऊ आणि कुक आयलंड्सचंही तसंच, मायभूमीपेक्षा इथली वस्ती कितीतरी मोठी. नीउएच्या वाडीत आजी नातीला पानं विणायला शिकवताना दिसते, तेव्हा ती भाषा आणि ती वीण टिकणार की नाही याचा बराचसा निकाल या शहरातच लागणार आहे, हे लक्षात ठेवून तिथे थांबावं.

आधी पोहोचण्याचं बोलू. गाडी नेऊ नका. बागेला लागून एका बाजूला प्राणिसंग्रहालय, दुसऱ्या बाजूला मोटॅट हे वाहतुकीचं संग्रहालय, आजूबाजूला वस्तीच्या अरुंद गल्ल्या. महोत्सवाच्या दिवशी त्यांपैकी बऱ्याच गल्ल्यांवर निर्बंध असतात आणि गाडी उचलून नेली जाते. शहराच्या मध्यातून ग्रेट नॉर्थ रोडने न्यू लिनकडे जाणारी १८ नंबरची बस बागेपाशी सोडते. एटी हॉप हे ऑकलंडच्या बस-रेल्वेचं कार्ड नसलं तरी चालतं. नोव्हेंबर २०२४ पासून बसमध्ये बँकेचं कार्ड टेकवून भाडं देता येतं, फक्त चढताना आणि उतरताना एकच कार्ड टेकवायचं. परतताना शेवटच्या कार्यक्रमानंतर सगळे एकदम थांब्यावर येतात. त्याच्या अर्धा तास आधी निघा, नाहीतर सरळ तासभर उशिरा.

बागेचा आकार समजून घेतला की दिवस सोपा जातो. तळं मधोमध, वाड्या त्याच्या काठाने पसरलेल्या. एकोणिसाव्या शतकात इथल्याच झऱ्यांचं पाणी शहराला पुरवलं जाई. तेव्हाचं पंपघर आजही मोटॅटमध्ये आहे. माओरी नाव ते वाई ओरेआ, म्हणजे वाम माशांचं पाणी, आणि लाकडी पुलावरून वाकून पाहिलं तर तळाशी काळ्या लांब वामी खरंच दिसतात. काठ सखल आहे. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर गवताचा चिखल होतो आणि बाळाची ढकलगाडी रुतते. अशा वेळी डांबरी वाटेलगतच्या वाड्या आधी घ्या. सगळ्या वाड्या एका दिवसात होत नाहीत. तीन निवडा आणि प्रत्येकीला दीड तास द्या. पहिल्यांदा जाणाऱ्याला आम्ही टोंगा, कुक आयलंड्स आणि तुवालू सुचवू. कोणत्या वर्षी कोणत्या वाड्या आहेत ते कार्यक्रमपत्रिकेत आधी तपासा, कारण यादी दरवर्षी तंतोतंत तीच नसते.

टोंगाच्या वाडीत सर्वांत आधी न्गातू शोधा. सालीपासून केलेल्या या कापडाला जगभर तापा म्हणतात. सामोआत त्याचं नाव सिआपो, फिजीत मासी. कागदी तुतीची सडसडीत खोडं कापून साल सोलतात, बाहेरचा खरखरीत भाग खरवडून काढतात आणि आतली पांढरी साल भिजवून लाकडी ओंडक्यावर चौकोनी मोगरीने कुटतात. ही मोगरी हातात घेऊ देत असतील तर जरूर घ्या. तिच्या बाजूंवर खाचा कोरलेल्या असतात. सुरुवात खाचांच्या बाजूने, म्हणजे तंतू फाकतात. शेवट गुळगुळीत बाजूने, म्हणजे पृष्ठ सपाट होतं. चार बोटांची पट्टी कुटून कुटून वीतभर रुंद होते. मग पट्ट्या एकमेकींवर चढवून पिठूळ कंदाच्या खळीने चिकटवतात. टोंगात हे थर नक्षीच्या उठावदार साच्यावर पसरून तपकिरी रंगाच्या बोळ्याने घासतात, त्यामुळे साच्यातली नक्षी वर उमटते; नंतर काळ्या रंगाने रेघा पक्क्या करतात. फिजीच्या मासीत कापून केलेला साचा वर ठेवून रंग भरतात, म्हणून तिथली नक्षी धारदार, भौमितिक दिसते. दोन्ही वाड्यांतले तुकडे पाठोपाठ पाहिले तर हा फरक कोणी न सांगताही कळतो.

विकत घेताना फसगत इथेच होते. तापाची नक्षी छापलेलं सुती कापड, पिशव्या, उशांचे अभ्रे भरपूर असतात. त्या वस्तू वाईट नाहीत, पण त्या तापा नव्हेत. खरा तुकडा उजेडासमोर धरा: तंतूंची आडवीउभी जाळी, कुठे जाड कुठे पातळ थर आणि पट्ट्यांचे जोड दिसतात. मागची बाजू क्वचितच पुढच्याइतकी नीट असते. हाताला तो कापडापेक्षा जाड, मऊ कागदासारखा लागतो. किंमत चढी वाटेल, पण कागदी तुतीचं झाड माओरींनी आणलं तरी न्यूझीलंडच्या थंडीत नीट टिकलं नाही. खरा तापा बहुतेक बेटांवरूनच येतो, आणि त्यात कुणाच्या तरी दंडांचे कित्येक दिवस गेलेले असतात. मोठा परवडत नसेल तर हातभर तुकडा घ्या, छापील पिशवीवर तेवढेच पैसे घालू नका.

कुक आयलंड्सच्या वाडीत तिवाएवाए पाहा. आपल्या गोधडीची ही दूरची बहीण, पण घडण वेगळी. गोधडी जुन्या लुगड्यांच्या थरांनी उबेसाठी होते. तिवाएवाए मानाच्या देण्याघेण्यासाठी असते. मानू प्रकारात एक मोठं कापड चौघडी किंवा अठघडी करून कात्रीने एकदाच कापतात. घडी उघडली की फुलापानांची सममित नक्षी तयार, ती दुसऱ्या रंगाच्या चादरीवर कडा दुमडून हाताने शिवतात. ताओरेई प्रकार लहान लहान तुकडे जोडून होतो, तर तातौराच्या पानाफुलांवर भरतकाम असतं. बायका गटाने बसून शिवतात. लग्नात, अंत्यसंस्कारात आणि मुलाचे पहिल्यांदा केस कापण्याच्या समारंभात ती दिली जाते. होय, जावळासारखाच समारंभ त्यांच्याकडे आहे, फक्त मुलगा बराच मोठा होईपर्यंत केस वाढवतात आणि पाहुणे एकेक बट कापून आहेर करतात. मांडलेल्या तिवाएवाएला हात लावण्याआधी विचारा. विक्रीला असते ती क्वचित, आणि घासाघीस करणं तिथे अपमानाचं आहे.

विणकामासाठी पानं असतात ती आपल्या केवड्याच्या जातीच्या झाडांची. काटे काढून, वाळवून, गुंडाळ्या करून मग पट्ट्या फाडतात. टोपी घेताना कडेची वीण बघा: टोकं आत खोचलेली असतील तर ती टिकते, नुसती कापून सोडली असतील तर महिन्याभरात उसवते.

आता नाच. एकच सल्ला मानायचा असेल तर हा माना: तुवालू किंवा टोकेलाऊच्या वाडीत एक फातेले सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघा. गायक जमिनीवर गोल बसतात, मधे लाकडी पेटी असते, तीच ताल. पहिली फेरी अगदी संथ, जवळजवळ कुजबुज. तेच कडवं पुन्हा, थोडं वर. पुन्हा, थोडं जलद. पेटीवर तळव्यांचा मारा वाढत जातो, मागच्या बायका गुडघ्यांवर उठतात, पुढे उभ्या असलेल्या नर्तकांचे हात आता डोळ्यांनी धरता येत नाहीत, आणि लय आणखी चढणार असं वाटतं तेवढ्यात सगळं एकाच ठोक्यावर तुटतं. भजनात गजर चढत गेलेला ज्याने अनुभवला आहे त्याला हे लगेच भिडेल. पण मधूनच येऊन दोन मिनिटं व्हिडिओ काढणाऱ्याला यातलं काहीच मिळत नाही, कारण शेवटची ताकद पहिल्या संथ फेरीतून येते.

किरिबासच्या नर्तकांना हसू नसतं. ते रागावलेले नाहीत. तिथल्या परंपरेत नाचताना हसणं उथळ मानतात; पसरलेले हात आणि मानेचे झटके फ्रिगेट पक्ष्याचे आहेत. ताहिती आणि कुक आयलंड्सचे ढोल लांबून सारखे वाटतात. जवळ गेलात की कोरलेल्या लाकडी ओंडक्याचा टणक, कोरडा आवाज ऐकू येतो, आणि नर्तकी तो कंबरेने उचलते.

टोंगाच्या तौओलुंगात एकटी मुलगी नाचते. अंगाला तेल लावलेलं असतं आणि प्रेक्षक पुढे येऊन तिच्या दंडावर नोटा चिकटवतात. मराठी मनात लगेच दौलतजादा येईल. ते बाजूला ठेवा. फाकापाले, म्हणजे ही नोटा चिकटवण्याची रीत, हा घरच्यांनी आणि समाजाने केलेला गौरव आहे. आजी, काका, चर्चची मंडळी उठतात, आणि जमलेला पैसा सहसा एखाद्या सामायिक कामाला जातो. तुम्हीही उठू शकता. नोट हळूच दंडावर ठेवायची, वाकून मागे यायचं, तिच्या तालात आडवं यायचं नाही. बसलेल्या लोकांसमोरून जाताना वाकून चाला. सामोआच्या वाडीत सोबत ‘तुलोऊ’ म्हणा, लोक मनापासून हसून वाट देतील.

नाचाची चुरस पाहायची असेल तर पासिफिका ही जागा नाही. त्यासाठी पॉलीफेस्ट आहे, १९७६ पासून चालत आलेली माध्यमिक शाळांची स्पर्धा, तीही मार्चच्याच आसपास होते. दोन्हीत नावाचा गोंधळ बऱ्याच जणांचा होतो.

खाणं हा मराठी माणसासाठी आनंदाचा आणि थोडा सावधगिरीचा भाग. आनंद असा की पानात अळू, नारळ, केळं आणि मासे आहेत. कोकणातल्या माणसाला घरच्यासारखं वाटेल. पालुसामी म्हणजे अळूच्या पानांच्या पुडीत नारळाचं दाट दूध आणि कांदा घालून भाजलेलं. चव आपल्या अळूच्या फदफद्याच्या जवळची, पण आंबट नाही आणि तिखट तर मुळीच नाही. घशाला खाज येऊ नये म्हणून आपण चिंच किंवा आमसूल घालतो. ते लोक पानं खूप वेळ शिजवतात. अळूतले सुईसारखे ऑक्सॅलेटचे स्फटिक पुरेसे शिजले नाहीत तर घसा खवखवतो. म्हणून पहिला घास लहान घ्या, पान जिभेवर विरघळत असेल तर पुढे जा, चावावं लागत असेल तर ठेवून द्या.

शाकाहारी माणसाने ‘यात मांस आहे का’ एवढंच विचारून थांबू नये, ‘कॉर्न्ड बीफ (खारवलेलं गोमांस) आहे का’ असं नाव घेऊन विचारावं. पालुसामीत ते बऱ्याचदा असतं आणि वरून दिसत नाही. टोंगाच्या लू पुलूत तर तेच मुख्य, लू सिपीत मेंढीचं मांस. सापासुई दिसायला शेवयांचा उपमा, पण त्यात सोया सॉससोबत सहसा गोमांस असतं. केके पुआआ हा डुकराच्या मांसाचा पाव. खात्रीने खाता येईल असं म्हणजे नीउएची ताकिही, अळकुडीच्या मोठ्या भावाचे, म्हणजे टारोचे, आणि पपईचे काप नारळाच्या दुधात एकावर एक रचून भाजलेले. ती मिळाली तर आधी घ्या, दुपारपर्यंत उरत नाही. उकडलेला टारो नारळाच्या दुधासोबत, कुक आयलंड्सचं पोके, म्हणजे केळ्याचा नारळाच्या दुधातला लवचीक खरवससारखा पदार्थ, आणि नारळाच्या गोड रसात भाजलेले पानी पोपो पावही चालतील. अंडं चालत नसेल तर पावांबद्दल विचारून घ्या. पानिकेके हे गोल तळलेले गोळे गरम असतील तरच घ्या, गार झाले की तेलकट आणि चिवट होतात. फिजीच्या वाडीत रोटी आणि रस्सा मिळतो, कारण १८७९ ते १९१६ या काळात गिरमिटावर फिजीला नेलेल्या भारतीय मजुरांच्या वंशजांनी ती चव जपली आहे.

मासे खाणाऱ्यांसाठी ओका, इका माता किंवा कोकोडा ही एकाच कल्पनेची वेगवेगळी नावं: कच्च्या माशाचे चौकोनी तुकडे लिंबाच्या रसात मुरवून शेवटी नारळाचं दूध, कांदा, काकडी, टोमॅटो. आंबटाने मासा पांढरा होतो, शिजल्यासारखा दिसतो, पण आंबटाने सगळे जंतू मरत नाहीत. म्हणून हा पदार्थ सकाळी ११ च्या आत, बर्फावर ठेवलेल्या भांड्यातूनच घ्यावा. चांगल्या ओकाची खूण सोपी: दूध दाट आणि एकजीव असतं. पाणी वेगळं आणि पांढरे कण वेगळे दिसत असतील तर तो बराच वेळ उभा आहे. तहानेला टोंगाचं ओताई घ्या, किसलेलं कलिंगड, नारळ आणि बर्फ. ढवळून मागा, चोथा खाली बसतो.

दुपारी १२ ते २ रांगा सर्वांत लांब असतात. सव्वाअकराला जेवून घेतलं तर तोच वेळ मंचासमोर चांगली जागा मिळायला उपयोगी पडतो. एका थाळीत दोघांचं भागतं. कार्ड चालतं, पण गर्दीत नेटवर्क मंदावतं. ५ आणि १० डॉलरच्या नोटा जवळ ठेवा, फाकापालेलाही त्या लागतात. मार्चचं ऊन गार हवेमुळे जाणवत नाही, पण इथली अतिनील किरणं तीव्र असतात. टोपी आणि सनस्क्रीन हवंच, लहान मुलांना लांब बाह्यांचे कपडे घाला. बसायला चटई न्या. महोत्सवात मद्य आणि धूम्रपान नाही, त्यामुळे आजी-आजोबांना आणि मुलांना घेऊन निवांत फिरता येतं.

उणिवा आहेत. वाड्या जवळजवळ असल्याने एका मंचाचा ढोल दुसऱ्याच्या समूहगायनावर चढतो. फातेलेसारख्या हळू सुरू होणाऱ्या प्रकाराला हे फार मारक ठरतं. ध्वनिक्षेपकांची दिशा तळ्याकडे वळवली तर बराच फरक पडेल. वेळापत्रक अर्धा तास इकडेतिकडे होतं, त्यामुळे दोन वाड्यांचे कार्यक्रम पाठोपाठ जुळवू नका, मधे तासभर ठेवा. सावली अपुरी आहे. हस्तकलेच्या तंबूंना खाण्याच्या टपऱ्यांइतकी दर्शनी जागा मिळायला हवी. प्रत्यक्ष कुटताना, विणताना, शिवताना दाखवणारी माणसं हे या महोत्सवाचं सर्वांत मोलाचं धन आहे, आणि ती मागच्या रांगेत बसता कामा नयेत. प्रायोजकांचे फुगे आणि चक्रं कमी झाली तरी कुणाचं काही बिघडणार नाही.

निघण्याआधी त्या वर्षीची तारीख आणि जागा नक्की करून घ्या. २०१५ साली जवळच्या ग्रे लिनमध्ये क्वीन्सलँड फळमाशी सापडली, फळं-भाज्यांच्या वाहतुकीवर बंदी आली आणि महोत्सव मानुकाऊच्या हेमन पार्कात न्यावा लागला. २०१९ मध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींवरील हल्ल्यानंतर तो रद्द झाला, २०२० मध्ये कोविडमुळे.

खरेदी भारतात न्यायची असेल तर शिंपल्यांचे, बियांचे हार आणि विणलेल्या वस्तू ऑस्ट्रेलियात उतरून जाताना तिथल्या जाहीरनाम्यात नोंदवा. न नोंदवल्यास दंड होतो. ताज्या फुलांचे हार ऑकलंडमध्येच कुणाला तरी घालून या. तापाची घडी करू नका, घडीवर तो तुटतो. नक्षी बाहेर ठेवून जाड पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तो ओल धरतो आणि कसर लागते, तेव्हा बाहेरच्या भिंतीवर टांगू नका. काचेत लावलात तर काच आणि तापा यांत बोटभर अंतर ठेवा, आणि गणपती झाल्यावर एकदा सावलीत वारा देऊन पुन्हा लावा.